ठेवणीतले नव्हे, रोजचे!

'या वयात हे शोभते का?' हा प्रश्न आम्हाला रोज विचारला जातो. तोंडाने कमी, डोळ्यांनी जास्त. करी रोडच्या पुलावर, दादरच्या फलाटावर, गिरगावातल्या गल्लीच्या तोंडाशी, आणि सर्वांत जास्त स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर. त्याचे उत्तर एकदा लेखी देऊन टाकावे, म्हणून हा खटाटोप.

आधी आम्ही कोण ते सांगतो. आम्ही पंचेचाळीस ते साठच्या दरम्यानची माणसे. बायका जास्त, पुरुष दोघे-तिघे. कुणी रुग्णालयात परिचारिका, कुणी शाळेच्या कचेरीत, कुणी शिलाईमशीनवर, कुणी डबे करून देणारी. बरेचसे मुसलमान, पण सगळे नव्हेत. घरात बोलतो ती भाषा कुणाची कोकणी वळणाची, कुणाची सातारी, कुणाची दखनी. आमच्यात समान गोष्ट एकच. आम्ही चकचकीत कपडे घालतो. चंदेरी साटिनचा कुर्ता, सोनेरी टिश्यूची ओढणी, टिकल्यांचे जाकीट, माशाच्या खवल्यांसारखी चमकणारी सलवार. आणि मुख्य म्हणजे हे सारे ईद नसताना, लग्न नसताना, हळद नसताना, साध्या मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता घालतो. भांडण आहे ते एवढ्याचवरून. आमची चमक शुक्रवारी संध्याकाळी हॉलमध्ये चालते. मंगळवारी सकाळी भाजीच्या रांगेत चालत नाही.

मराठीत 'चाळिशी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वय, दुसरा चष्मा. चाळिशी लागली की आपण जगाला नीट पाहावे म्हणून डोळ्यांवर काच चढवतो. जगाने मात्र आपल्याकडे पाहू नये, अशी त्याच वेळी व्यवस्था होते! बाईसाठी तर रंगांची यादीच तयार असते. राखी, तपकिरी, फिका जांभळा, 'इंग्लिश कलर'. दुकानदार न विचारता तोच गठ्ठा सोडतो. "मावशी, तुम्हाला हे मळखाऊ बरे पडेल." मळखाऊ! केवढा बोलका शब्द आहे. ज्या कापडावर मळ दिसत नाही, ते आमचे. म्हणजे आमच्या आयुष्यात आता मळच यायचा, आणि तोही कुणाला दिसू नये, हे दुकानदाराने आणि घरच्यांनी मिळून ठरवलेले.

दुसरा शब्द 'ठेवणीतले'. परळ-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक असे. तीत डांबराच्या गोळ्यांच्या वासात एक शालू, एखादी पैठणी, एखादा किनखापाचा तुकडा, निकाहाचा जोडा. हे ठेवणीतले. वर्षातून दोनदा ऊन दाखवायचे आणि पुन्हा घडी घालायची. घडीवर घडी पडून कापड नेमके तिथेच चिरते, हे प्रत्येक घराला माहीत आहे. तरी घडी सुटत नाही. मालकीण गेल्यावर ट्रंक उघडते. सुना-लेकी एकमेकींकडे बघतात. मग जुनी जर घेणारा येतो. तो साडीकडे साडी म्हणून पाहतच नाही. काठपदर जाळायचा, आतली चांदी वजनावर घ्यायची. उरलेले बोहारणीकडे, एका स्टीलच्या पातेल्यावर. ज्या वस्त्राची मालकिणीने तीस वर्षे राखण केली, ते तिच्या अंगावर सगळे मिळून तीस तासही नसेल. आमच्या आया-आज्यांची ही कहाणी आम्ही पाहिली आहे. यात काटकसर आहे म्हणता? आम्हाला तर यात निव्वळ उधळपट्टी दिसते. वस्त्राची नव्हे, बाईची.

आता ही चमक तयार कुणी केली ते पाहा. गिरणगाव म्हणजे फक्त मांजरपाट आणि लाँगक्लॉथ नव्हे. इथल्या गिरण्यांत कापडाला चकाकी आणण्याची स्वतंत्र खाती होती. सुती कापड कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावातून ताणून काढले की धागा फुगतो, चपटा होता तो गोल होतो, आणि प्रकाश परतवू लागतो. जॉन मर्सर या इंग्रजाने १८५० साली या सोड्याच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले, आणि सूत ताणून धरले की चकाकी येते हे पुढे चार दशकांनी दुसऱ्याने दाखवले. मर्सरच्या नावावरून ते 'मर्सराइज्ड' कापड. मग तापलेल्या जड रुळांमधून दाबून काढायचे, की पॉपलीन आरशासारखे गुळगुळीत होई. बॉम्बे डाईंगची सुरुवातच १८७९ साली सूत रंगवण्याच्या कामातून झाली. या खात्यांत वाफ असे, सोड्याने हात सोलत, डोळे चुरचुरत. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत बायका होत्या. साच्यांवर कोकणातले, घाटावरचे कामगार होते. मदनपुऱ्यात एकोणिसाव्या शतकात उत्तरेतून येऊन वसलेले मोमीन विणकर होते, ज्यांचे भाऊबंद मालेगाव आणि भिवंडीत आजही माग चालवतात. पुढे जरदोजीचे कारागीर आले. चौकोनी लाकडी चौकटीवर कापड ताणून, मांडी घालून, पाठ मोडेपर्यंत टिकल्या आणि बादला टाचणारे. या शहराची चमक ज्यांच्या हातून निघाली, त्यांच्या अंगावर ती कधी दिसली? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि ज्या बायकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लुगड्यांचे सूत गुंडाळले होते, त्यांनी मग पोळ्या लाटून, घरकाम करून संसार ओढले. त्यांच्या लेकी आता पन्नाशीत आहेत. त्या जर चंदेरी कुर्ता घालून निघाल्या, तर आमच्या मते ती थकबाकीची पहिली किरकोळ वसुली समजावी!

भाषेच्या अंगानेही पाहू. मराठीतले चमकणारे कापड बोलायला लागले, की ते फारसी-अरबी बोलते. जर, जरतार, रेशीम, मखमल, अतलस, किनखाप, हे सारे शब्द त्या वाटेने आले आणि मराठीत असे मुरले, की लग्नाच्या याद्यांत, कीर्तनात, लावणीत, बखरीत ते परके वाटत नाहीत. पैठणीच्या काठाला 'जर' म्हणताना येवल्याच्या विणकराला किंवा दादरच्या गिऱ्हाइकाला तो शब्द कुणाचा, याची चौकशी करावीशी वाटत नाही, करूही नये. आम्ही एवढेच म्हणतो, की हे 'भडक' आणि 'आपले नव्हे' असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी आपल्या घरातल्या शालूचे नाव-गाव विचारून पाहावे.

आणि आमच्या मोहल्ल्यात जे म्हणतात, की मुसलमानाला चमकदमक शोभत नाही, त्यांच्यासाठी मशरूची गोष्ट. परंपरेने पुरुषाला शुद्ध रेशीम आणि सोने मना, बाईला दोन्हीची मोकळीक. आता रेशमाची हौस तर आहे, आणि हुकूमही मोडायचा नाही. विणकराने काय करावे? त्याने ताणा रेशमाचा घेतला आणि बाणा सुताचा. वीण अशी टाकली, की वरच्या अंगाला रेशीमच रेशीम दिसावे, आणि अंगाला लागेल ते सूत. या कापडाचे नावच 'मशरू', म्हणजे शरीयतीला मंजूर असलेले. गुजरातेत पाटण आणि मांडवीकडे ते अजून विणले जाते. आमच्या औरंगाबादचा (आताच्या छत्रपती संभाजीनगरचा) हिमरू त्याच घराण्यातला. सूत आणि रेशीम मिळून किनखापाची शान आणणारा. मराठीत म्हण आहे, 'वरून कीर्तन, आतून तमाशा'. मशरूचा हिशेब उलटा. वरून तमाशा, आतून सूत! ज्या पूर्वजांनी धर्माशी भांडण न करता इतक्या अकलेने चमकीला वाट काढून दिली, त्यांचे वारस आज 'साटिन घालू नका' म्हणून दटावतात, तेव्हा हसावे की रडावे कळत नाही.

या साऱ्या नियमांत एक गोष्ट शोधून सापडत नाही. वय. चाळिशीनंतर चमकदार कपडा उतरवावा, असे कुठल्या किताबात लिहिले आहे? कुरआनच्या सातव्या सूरेत तर उलट सवाल आहे, की अल्लाहने आपल्या बंद्यांसाठी निर्माण केलेली शोभा हराम ठरवणारे तुम्ही कोण. आणि विधवेची गोष्ट घ्या. तिच्या शोकाची, साजशृंगार टाळण्याची मुदत ठरलेली आहे. चार महिने दहा दिवस. एकशे तीसच्या आसपास दिवस. पुढे तिचे आयुष्य तिचे. ते एकशे तीस दिवस आमच्या घरांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून तीस वर्षांचे केले! आमच्यातल्या एकीचा नवरा गेला, तेव्हा ती अठ्ठेचाळीसची होती. इद्दत संपली. वर्ष गेले. तिने निळे साटिन घातले, तर नणंद म्हणाली, "भाभी, लोग क्या कहेंगे." ज्या घरात शरीयतीचे नाव उठता-बसता निघते, तिथे या एका बाबतीत शरीयतीपेक्षा शेजारीण वरचढ ठरली. आणि यात आम्ही एकटे नाही. गिरगावातल्या जुन्या ब्राह्मण घरांत विधवेला अळवण नेसवत. त्या घरांनी अळवण टाकले, त्यासाठी त्यांच्यातल्या सुधारकांनी शिव्या खाल्ल्या. त्यांचे आम्हाला कौतुक आहे. पण अळवणाचा रंग गेला तरी त्याची सावली अजून तिथल्या कपाटांत आहे. 'आता कशाला इतके उठून दिसणारे?' हे वाक्य हिंदू-मुसलमान दोन्ही उंबऱ्यांवर एकाच सुरात ऐकू येते. एकोपा म्हणतात तो हाच असावा!

कुणी जाणकार 'लिबासे शोहरत'चा मुद्दा काढतील. नावासाठी, मिरवण्यासाठी घातलेल्या कपड्याची निंदा आहे, हे खरे. पण निंदा घमेंडीची आहे. हिंदमात्याच्या मार्केटात, ठाण संपत आल्यावर उरलेल्या तुकड्यांच्या ढिगातून निवडलेल्या कापडात घमेंड कुठून येणार? घमेंड पाहायची असेल तर तिचा पत्ता वेगळा आहे. २०१३ साली पिंपरीच्या दत्ता फुगे यांच्या तीन किलोंहून जड सोन्याच्या शर्टाच्या बातम्या जगभर गेल्या. २०१४ साली येवल्याचे पंकज पारख यांनी पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला चार किलोंहून अधिक सोन्याचा शर्ट घातला. येवले म्हणजे पैठणीचे गाव! पंचेचाळीस म्हणजे आमचेच वय! त्यांना कुणी विचारले का, की या वयात हे शोभते का? फोटो निघाले, मुलाखती झाल्या, विक्रमाच्या नोंदी झाल्या. पुरुषाच्या अंगावर चार किलो सोने असले तर ती हौस, आणि बाईच्या अंगावर चारशे ग्रॅम पॉलिएस्टर असले तर तो चळ. हा तराजू कोणत्या दुकानातला?

'चकाकते ते सर्व सोने नसते,' असे आम्हाला शहाणपणाने सुनावतात. आम्ही कुठे म्हटले सोने आहे? साटिन आहे, असे आम्हीच सांगतो. खरी जर म्हणजे चांदीची तार चपटी करून रेशमावर गुंडाळायची आणि वर सोन्याचे पाणी द्यायचे. ती राजेरजवाड्यांची. मग तांब्याची जर आली, ती व्यापाऱ्यांची. मग पॉलिएस्टरच्या पापुद्र्यावर धातूचा मुलामा देऊन, तो पापुद्रा बारीक कापून केलेली प्लास्टिकची जर आली, आणि पहिल्यांदा चमक धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या आवाक्यात आली. आणि नेमके त्याच वेळी चमक 'चीप' ठरली! जोवर ती थोड्यांची होती तोवर ऐश्वर्य. सर्वांची झाली तेव्हा भडकपणा. एवढा सरळ हिशेब आहे, आणि लोक त्याला अभिरुची म्हणतात.

या अभिरुचीचे मोठे ठाणे दादरला आहे. शिवाजी पार्काच्या बाजूला साधेपणा ही एक श्रीमंती आहे. जाडाभरडा कुर्ता, हातमागाची साडी, मातीचे रंग. आम्हाला हातमागाबद्दल प्रेम आहे. आमच्या बापजाद्यांचा तो धंदा. पण ही साधी साडी साधी नसते, तिची किंमत विचारली की कळते. हा साधेपणा कुठून आला, तेही आम्ही जाणतो. ३१ जुलै १९२१ रोजी याच परळला, उमर सोबानी यांच्या गिरणीच्या आवारात, गांधीजींच्या हस्ते विदेशी कापडाची होळी झाली. एका मुसलमान गिरणीमालकाने आपले आवार त्या होळीसाठी दिले, ही आमच्या अभिमानाची गोष्ट आहे. त्या आगीत लोकांनी आपखुशीने किमती वस्त्रे टाकली. ती आग साम्राज्याविरुद्ध होती. आज ज्यांना कसलाच त्याग करायचा नाही, ते त्याच आगीची राख आमच्या कुर्त्यावर उडवतात. त्याग स्वतःच्या ट्रंकेतून करायचा असतो, शेजारणीच्या नव्हे.

परळच्याच दुसऱ्या माणसाकडून आम्ही वेगळे काही शिकलो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे परळच्या ट्रस्टच्या चाळीत राहिले, आणि त्यांनी सुटाबुटाचा पोशाख कधी लाजून सोडला नाही. मनुस्मृतीने ज्यांना प्रेतावरची वस्त्रे नेमून दिली, त्या समाजाच्या नेत्याने उत्तम शिवलेला सूट घालणे, हे शंभर भाषणांच्या तोडीचे होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची ती जुनी खूण टाकायला सांगितली, अंगावरचे ते वजनदार, जात सांगणारे दागिनेही टाकायला सांगितले. बाबासाहेबांनी चमक घाला असे सांगितले नव्हते, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. त्यांच्या नावावर आम्ही साटिन खपवत नाही. पण त्यामागचा नियम आमच्या कामाचा आहे. ज्या कपड्यावरून लोक तुमची 'जागा' ओळखतात आणि तुम्हाला तिथेच बसवतात, तो कपडा टाकावा. महाडला ती खूण जातीची होती. आमच्या बाबतीत ती वयाची, वैधव्याची, 'आता संपले'पणाची आहे. राखी रंग हा आमचा गणवेश करून ठेवला आहे. तो आम्ही उतरवतो.

आता सर्वांत जुनी शिवी. "काय तमाशातल्यासारखी!" लालबागच्या हनुमान थिएटरात गिरणी कामगार पाळी सुटल्यावर तमाशा बघायला जात. रंगमंचावर जरीचे लुगडे झळके, शिट्ट्या पडत, पैसे उधळले जात. तीच मंडळी घरी आल्यावर बायकोच्या अंगावर जरीचा काठ दिसला तर भुवया चढवत. पैसे देऊन पाहायची ती चमक चांगली, घरातली वाईट. २००५ साली सरकारने डान्सबार बंद केले, तेव्हा वर्तमानपत्रांत त्या मुलींच्या चमचमत्या घागऱ्यांची चित्रे आली आणि शिवीला नवा शब्द मिळाला. आम्हाला या शिवीचा राग येतो तो आमच्यासाठी नव्हे. तमाशातल्या बाईने जरीवर घाम गाळून कुटुंबे पोसली, कला जिवंत ठेवली. तिचे नाव शिवी म्हणून वापरणाऱ्यांनी आधी थिएटरातली आपली जागा आठवावी.

समाजाला चमक नकोच आहे, असे मात्र समजू नका. त्याला ती परवान्यावर हवी आहे. गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, नथ घालून बायका मोटारसायकलीवर निघतात. फोटोवाले धावतात, सगळे गौरव करतात. आम्हीही टाळ्या वाजवतो. दुसऱ्या दिवशी तीच बाई तोच शालू नेसून बँकेत गेली तर? बँडवाल्याचे घ्या. पन्नाशीचा माणूस, लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर कलाबतू. त्यांत आमचे भाऊबंद पुष्कळ. त्याला कुणी वय विचारत नाही. का? तो भाड्याने चमकतो म्हणून. वरात संपली की कोट मालकाला परत आणि हा लोकल पकडून घरी. दर्ग्यावरची चादर चमकते, ताजिया चमकतो, मंडपातल्या गणपतीचा शेला चमकतो. पीराला, देवाला, नवरीला, बँडवाल्याला चमक चालते. कारण ती दुसऱ्या कुणासाठी असते. बाईने किंवा बाप्याने ती स्वतःसाठी, विनाकारण, मंगळवारी अंगावर घेतली की घोटाळा होतो. त्या 'विनाकारण'लाच लोक घाबरतात.

आमच्यातल्या एकीला तिच्या कामाच्या ठिकाणी (नाव घेत नाही) बोलावून सांगितले, "जरा सोबर घालत जा, लोक बघतात." तिने विचारले, "कामात काही चूक झाली का?" नव्हती झाली. मग प्रश्न उरतो तो बघणाऱ्यांच्या डोळ्यांचा, आणि त्याचा इलाज डोळ्यांच्या डॉक्टरकडे आहे, शिंप्याकडे नाही. घरात 'बूढ़ी घोड़ी, लाल लगाम' ऐकवतात. आमचे म्हणणे, घोडी जर अजून टांगा ओढते आहे, तर लगामाचा रंग तिने निवडला म्हणून काय बिघडले?

दोन आक्षेप मात्र गंभीर आहेत, त्यांना टाळणे बरे नव्हे. पहिला असा, की हे कापड प्लास्टिकचे आहे, धुताना त्याचे सूक्ष्म धागे पाण्यात जातात. खरे आहे. पण ऑफिसातल्या साहेबाचा राखी शर्टसुद्धा निम्म्याहून जास्त पॉलिएस्टरचाच असतो, आणि मळखाऊ साडीही. प्लास्टिक मळके असले की पर्यावरणाला चालते आणि चमकले की चालत नाही, असे थोडेच आहे! आमच्या अंगावरचे पॉलिएस्टर चाळीतल्या पावसाळ्याने आणले. जुलैत गॅलरीतल्या दोरीवर सुती साडी दोन दिवस दमट राहते आणि खोलीभर वास सुटतो. साटिन रात्री टाकले की सकाळी अंगावर चढते, इस्त्री मागत नाही. तरी आम्ही थोडे घेतो, टिकवून वापरतो. उलटे करून थंड पाण्यात हाताने धुतो, सावलीत वाळवतो, टिकली निघाली तर पुन्हा टाचतो. मे महिन्यात ते अंगाला चिकटते, तेव्हा मशरू किंवा मर्सराइज्ड सूत घालतो. सूतही चमकते, हे आमच्या शहराला कुणी नव्याने सांगायला नको.

दुसरा आक्षेप जास्त बोचतो. या टिकल्या कुणी टाचल्या? २००५ साली मुंबईत जरीच्या कारखान्यांवर छापे पडले, मदनपुऱ्यासारख्या भागांतून शेकडो लहान मुले सोडवली गेली. त्यांतली बरीच बिहारकडची. कारखानदार आणि कारागीर दोघेही बहुतेक आपल्याच समाजातले, म्हणून हे लपवावे असे आम्हाला वाटत नाही. पोराची बोटे मोडून आलेली चमक आम्हाला नको. पण यावरचा उपाय मोठ्या कारागिराला पुरी मजुरी देणे हा आहे, पन्नाशीच्या बाईने राखी नेसणे हा नव्हे. राखी सुताच्या मागेही हात असतात, आणि तेही उपाशी असू शकतात. आम्ही ओळखीच्या कारागिराकडून काम करून घेतो, त्याच्या चौकटीजवळ कोण बसले आहे ते डोळ्यांनी पाहतो, आणि घासाघीस करत नाही. हे आपल्या साऱ्या बहिणींना जमण्यासारखे आहे.

लोअर परळला फिनिक्स गिरणी होती. तिथे आता मॉल आहे. त्याच्या काचेआड टिकल्यांचे झगे लावलेले असतात, आणि ते घातलेल्या पुतळ्यांची वये वीस-बाविशीपुढे कधी जातच नाहीत. जिथे आमच्या आधीच्या पिढीने कापड विणले, तिथे त्या पिढीच्या लेकींना चमक विकायलाही दुकानदार तयार नाही. बाजाराच्या लेखी पन्नाशीची बाई गिऱ्हाईक आहे ती गुडघ्याच्या पट्ट्याची आणि पौष्टिक बिस्किटांची. मोहम्मद अली रोडवरचे बुरखेवाले या बाबतीत जास्त शहाणे. त्यांच्या काळ्या कापडाच्या बाह्यांवर खडे चमकतात, आणि ते घेणाऱ्यांत साठीच्या खाला भरपूर असतात. बुरखा असावा की नसावा, हा वाद आमच्यात आहे आणि चालू राहील. आज त्यात शिरत नाही. एवढेच सांगतो, की अख्खे अंग काळ्याने झाकले तरी माणूस बाहीच्या टोकाला चार खडे लावून घेतो. ही ओढ इतकी जुनी आणि इतकी चिवट आहे.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. ज्यांना राखी आवडते त्यांनी राखी नेसावे. ते सुंदर असते. साधेपणा मनापासून निवडलेल्या माणसापुढे आम्ही अदबीने उभे राहतो. पण ज्यांनी तो निवडला नाही, ज्यांच्यावर तो वयाने, वैधव्याने, सुनेच्या संकोचाने, मुलाच्या 'अम्मी, कुछ तो सोचो'ने लादला गेला, त्यांनी ट्रंक उघडावी. घडी मोडावी. शालूचा कुर्ता बेतून घ्यावा, पैठणीच्या पदराचे जाकीट करावे. लालबागचा कोणताही शिंपी कापड वाया न घालवता करून देतो. जर काळी पडली असेल तर पडू द्या. काळ्या जरीलाही उजेड कळतो. आणि ते घालून ईदला नव्हे, वाढदिवसाला नव्हे, दळण टाकायला जावे.

पहिल्या दिवशी लोक बघतील. दुसऱ्या दिवशी बोलतील. महिन्याभराने त्यांतली एखादी बाजूला घेऊन हळूच विचारील, "हे कापड कुठून घेतले?" तिला दुकानाचा पत्ता द्या. तिचे वय विचारू नका.